छोट्या गटाचा मोठा हिशेब

दिवाळीची सुट्टी संपते, किल्ल्यावर पेरलेले अळीव अजून सुकलेले नसतात, आणि पुण्या-मुंबईत अडीच वर्षांचं मूल असलेल्या घरांत प्रवेशाचा हंगाम सुरू होतो. पुढच्या जूनचे अर्ज बहुतेक मोठ्या शाळा नोव्हेंबर-डिसेंबरातच काढतात, काही तर त्याही आधी. सोसायटीतल्या आयांच्या ग्रुपवर निरोप फिरू लागतात. अमक्या शाळेची लिंक उघडली, तमक्या शाळेला जन्मदाखला पीडीएफमध्येच लागतो, मुलाखत नसते हो, नुसतं ‘इंटरॅक्शन’ असतं. शिक्षण हक्क कायद्याच्या १३व्या कलमाने प्रवेश देताना मुलाची किंवा आईबापांची चाळणी लावायला मनाई केली, तेव्हा मुलाखत गेली आणि इंटरॅक्शन आलं. बाळाला लाल ठोकळा उचलायला सांगायचं आणि तेवढ्यात आईवडिलांना ‘तुम्ही काय करता?’ असं सहज विचारायचं, एवढाच तो कार्यक्रम.

या धांदलीत एक प्रश्न घराघरात रात्री जेवणं झाल्यावर निघतो. एवढ्याशा पोरासाठी वर्षाला लाख-सव्वा लाख भरायचे का? कोपऱ्यावर अंगणवाडी आहे, चार गल्ल्या सोडून महापालिकेची शाळा आहे, जुनी मराठी बालवाडीही कशीबशी तग धरून आहे. तिथे नेमकं काय बिघडतं?

यावर दोघांपैकी एक जण जे बोलतं त्याला दुसऱ्याकडे सहसा उत्तर नसतं : “आत्ता नाही घेतलं तर पहिलीला मिळणार नाही.” हे वाक्य खोटं नाही. नर्सरी ते दहावी एकाच छपराखाली असलेल्या शाळांचा वर्ग भरतो तो नर्सरीत, फार तर छोट्या गटात. तिथून मुलं सरळ वर सरकतात. पहिलीला जागा निघते ती कुणाची बदली झाली, कुणी शहर सोडलं तरच. म्हणजे शिशुवर्गाची फी ही पुष्कळ अंशी शिशुवर्गासाठी नसतेच. ती पहिलीतल्या बाकाचं आरक्षण असते. रेल्वेचं आरक्षण आपण करतो तेव्हा त्याला प्रवास म्हणत नाही. इथे मात्र त्या तीन वर्षांना ‘पाया’ म्हणतात, आणि माहितीपत्रकात पाया पक्का असल्याची ग्वाही चकचकीत कागदावर छापलेली असते.

आरक्षण करू नये असं मी म्हणत नाही. ज्यांना ती शाळा दहावीपर्यंत हवी आहे आणि परवडते आहे, त्यांनी खुशाल करावं. पण मग हिशेब तीन वर्षांचा न मांडता तेरा वर्षांचा मांडावा, आणि तोच सहसा कुणी मांडत नाही.

नर्सरीची फी वर्षाला १,२०,००० रुपये धरू. शहरातल्या मधल्या फळीतल्या इंग्रजी शाळेला हा आकडा फार नाही. आंतरराष्ट्रीय बोर्डाच्या शाळा याच्या कैक पट घेतात. दर दोन वर्षांनी १५ टक्के वाढ धरू, कारण पालकांच्या बोलण्यात हाच आकडा बसला आहे. नर्सरी ते दहावी तेरा वर्षं होतात. पहिल्या तीन वर्षांचे ३ लाख ७८ हजार जातात. हा झाला आरक्षणाचा खर्च. तेरा वर्षांची बेरीज २३ लाख ७८ हजारांच्या घरात जाते, आणि एकट्या दहावीच्या वर्षाची फी पावणेतीन लाखांच्या वर असते. यात बस नाही, गणवेश नाही, ठरावीक दुकानातूनच घ्यायची पुस्तकं नाहीत, स्नेहसंमेलनाच्या पोशाखाचं भाडं नाही. दुसरं मूल तर नाहीच नाही. देणगी घेऊन प्रवेश द्यायला महाराष्ट्रात १९८७च्या कायद्याने बंदी आहे, त्यामुळे पावतीवर देणगी दिसत नाही. टर्म फी, ॲक्टिव्हिटी फी, डिजिटल फी दिसतात. अलीकडे फी बारा हप्त्यांत भरायला कर्ज देणाऱ्या कंपन्याही आल्या आहेत. तीन वर्षांच्या मुलाच्या चित्रकलेसाठी मासिक हप्ता भरणारी ही बहुधा पहिली पिढी असेल.

पैशांचं झालं. त्या खोलीत मूल शिकतं काय?

याचं उत्तर शोधणं वाटतं त्याहून अवघड असतं. खाजगी शाळेतली मुलं जास्त गुण मिळवतात हे कुणीही दाखवू शकतं. ‘असर’च्या २०२४च्या ग्रामीण पाहणीत दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकणारी तिसरीतली मुलं सरकारी शाळांत २३.४ टक्के होती आणि खाजगीत ३५.५ टक्के. पण खाजगी शाळेत जाणाऱ्या मुलाच्या घरी बहुतेकदा शिकलेली आई असते, थोडी पुस्तकं असतात, शिकवणी असते. गुण शाळेचे की घराचे हे मग कसं सांगायचं?

आंध्र प्रदेशात कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन या अर्थतज्ज्ञांनी त्यावर उपाय काढला. १८० गावांत सरकारी शाळेतल्या मुलांच्या पालकांकडून खाजगी शाळेच्या शिष्यवृत्तीसाठी अर्ज घेतले आणि सोडत काढली. नशिबाने ज्यांची नावं निघाली ती मुलं खाजगी शाळेत गेली, बाकीची होती तिथेच राहिली. दोन्ही गटांतली घरं सारखीच, फरक फक्त चिठ्ठीचा. चार वर्षांनी चाचण्या घेतल्या. तेलुगू, गणित, इंग्रजी, विज्ञान-समाजशास्त्र या विषयांत दोन्ही गट बरोबरीत निघाले. खाजगीतली मुलं स्पष्टपणे पुढे होती ती एका हिंदीत, कारण सरकारी प्राथमिक शाळेत तो विषय जवळजवळ शिकवलाच जात नव्हता. हा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला.

हे निष्कर्ष दोन्ही बाजूंना टोचणारे आहेत. खाजगी शाळांचा दर मुलामागचा खर्च सरकारी शाळेच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास होता. त्यांनी तेलुगू आणि गणिताला कमी वेळ देऊनही मुलं मागे पडू दिली नाहीत, म्हणजे त्या शाळा काटकसरीने चालल्या होत्या यात शंका नाही. ‘सरकारी तेच भलं’ म्हणणाऱ्यांनी हे पचवायला हवं. पण आपण शिक्षण खात्याचे सचिव नसतो, मुलाचे आईबाप असतो. खर्च सरकारचा वाचला. फी आपण भरली. आणि पोराला वाचता-मोजता तेवढंच आलं जेवढं फुकटच्या शाळेत आलं असतं. अर्थात तो प्रयोग खेड्यातल्या स्वस्त खाजगी शाळांचा होता, बाणेर-ठाण्याच्या वातानुकूलित वर्गांचा नव्हे. तरी महाराष्ट्रातल्या तालुक्या-तालुक्यांत पिवळ्या व्हॅनमधून जी मुलं सकाळी सातला ‘इंग्लिश मीडियम’ला जातात, त्यांच्या घरांना तो थेट लागू पडतो. आणि या विषयावर लिहिताना शहरी आपण विसरतो की फी भरणाऱ्यांत मोठा भरणा त्या घरांचाच आहे. तिथे वर्षाचे वीस हजार म्हणजे कांद्याच्या एका मोसमाचा फायदा.

त्या घरांना इंग्रजी हवं असतं, आणि ते मागणं चुकीचं नाही. इंग्रजीने नोकरी मिळते हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं. अडचण एवढीच की व्हॅन जिथे पोचते तिथल्या शिशुवर्गावरच्या टीचरना स्वतःला इंग्रजी बोलता येतंच असं नाही. मग गाणी पाठ होतात, फळांची नावं पाठ होतात, ‘मे आय गो टू टॉयलेट’ पाठ होतं, आणि घरी पाहुण्यांसमोर ते म्हणून दाखवलं जातं. मूल त्या भाषेत भांडू शकत नाही, गोष्ट रचू शकत नाही, का म्हणून विचारू शकत नाही. आणि ज्या मराठीत ते हे सगळं सहज करतं, ती वर्गात बोलायची नाही असा नियम असतो. चार-पाच वर्षांच्या मुलाकडे विचार करायला जी एकच भाषा आहे, ती दाराबाहेर चपलांबरोबर काढून ठेवायला लावायची आणि त्यासाठी फी घ्यायची, हा प्रकार मला आजवर समजलेला नाही. २०२५च्या उन्हाळ्यात पहिलीपासून हिंदीच्या सक्तीवरून महाराष्ट्र पेटला आणि २९ जूनला सरकारने दोन्ही शासननिर्णय मागे घेतले. त्या वेळी मराठीसाठी तावातावाने बोलणाऱ्या किती घरांतली नातवंडं कुठल्या माध्यमात आहेत, हे विचारायची सोय मात्र नव्हती.

शिशुवयाचा आपल्याकडचा एक मोठा अभ्यास दिल्लीच्या आंबेडकर विद्यापीठाने आणि असर सेंटरने मिळून केला. आसाम, राजस्थान आणि तेलंगणातल्या सुमारे १४,००० चार वर्षांच्या मुलांचा माग त्यांनी आठव्या वर्षापर्यंत घेतला. अंगणवाड्यांत शिकवणं फारसं होत नाही, खाऊ आणि हजेरी होते. खाजगी शिशुवर्गांत शिकवणं होतं, पण ते पहिलीचं पुस्तक दोन वर्षं आधी उघडून. अक्षरं गिरवणं, अंक घोटणं, फळ्यावरून उतरवणं. या वयाला लागणारं खेळणं, बोलणं, वर्गीकरण करणं, गोष्ट ऐकून पुढे काय होईल ते सांगणं दोन्हीकडे तुटपुंजं. पाचव्या वर्षी शाळेसाठी तयार असायला जे यायला हवं ते बहुसंख्य मुलांना, कुठेही गेली तरी, येत नव्हतं.

हे वाचलं की मला कोसबाडची टेकडी आठवते. ताराबाई मोडक १९४५मध्ये शहर सोडून बोर्डीला गेल्या तेव्हा त्यांचंही बालमंदिर म्हणजे खात्यापित्या घरांचं असंच समजलं जाई. गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला त्यांनी माँटेसरीचं काम केलं होतं. ती साधनं महागडी होती. बोर्डीत आणि १९५७पासून कोसबाडला त्यांनी आणि अनुताई वाघांनी तीच साधनं शिंपल्यांची, बियांची, काड्यांची, मातीची केली. मुलं येत नाहीत म्हणून बालवाडी पाड्यावरच्या अंगणात नेली, तिचं नाव अंगणवाडी. गुरं राखायला गेलेल्या मुलांमागे शिक्षक कुरणात गेले, ती कुरणशाळा. २ ऑक्टोबर १९७५ला केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, आणि आज देशभरात त्या योजनेच्या सुमारे १४ लाख केंद्रांवर अंगणवाडी हीच पाटी आहे. पाटी पोचली, शिंपले वाटेत राहिले.

अंगणवाडीच्या ताईंना दोष देणं सोपं आहे. लसीकरणाच्या नोंदी, गरोदर बायकांची यादी, वजनं, पोषण आहाराचं ॲप, मध्येच निवडणुकीचं काम, आणि या सगळ्यात तीन ते सहा वयाची वीस-पंचवीस पोरं. तामिळनाडूत एक साधा प्रयोग झाला : काही अंगणवाड्यांना फक्त शिकवण्यासाठी आणखी एक कार्यकर्ती दिली. शिकवण्याचा वेळ दुपटीने वाढला, मुलांचं गणित आणि भाषा सुधारली, आणि जुन्या ताईंना आहाराकडे बघायला सवड मिळाल्याने कुपोषणही कमी झालं. इमारत तीच, खेळणी तीच. एक माणूस वाढलं.

अमेरिकेतला पेरी प्रीस्कूलचा प्रयोग आपल्याकडच्या शिशुशाळांच्या सादरीकरणांत हमखास असतो. लहानपणी गुंतवलेला पैसा पुढे कैक पटीने परत येतो, असं नोबेलविजेते जेम्स हेकमन यांच्या नावाने सांगतात. तो प्रयोग १९६०च्या दशकात मिशिगनमधल्या इप्सिलांटी गावात झाला, अवघ्या १२३ मुलांवर, आणि ती मुलं अत्यंत गरीब कृष्णवर्णीय घरांतली होती. रोज अडीच तास वर्ग, दर पाच-सहा मुलांमागे एक प्रशिक्षित शिक्षक, आणि दर आठवड्याला शिक्षिका मुलाच्या घरी जाऊन आईसोबत दीड तास बसायची. ज्या घरात दोघे अभियंते आहेत, झोपताना गोष्ट वाचली जाते, आजोबा पोराला बागेत नेतात, त्या घराला तो परतावा कसा लागू व्हावा? मूल जितकं वंचित तितका चांगल्या शिशुवर्गाचा उपयोग मोठा, हा त्या प्रयोगाचा खरा अर्थ. आपण तो उलटा करून, ज्यांना सर्वांत कमी गरज आहे त्यांना सर्वांत महाग विकतो.

मग पहिलीपासून सरकारी शाळेचं काय? जिल्हा परिषदेच्या शाळा म्हटलं की एक तर नाक मुरडतात, नाहीतर वाबळेवाडीचं नाव घेतात. शिरूर तालुक्यातल्या त्या शाळेत प्रवेशासाठी प्रतीक्षा यादी लागली होती. तिथले दत्तात्रय वारे गुरुजी पुढे खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरला गेले, आणि पट संपत आलेल्या त्या शाळेला २०२५मध्ये ‘वर्ल्ड्स बेस्ट स्कूल’ स्पर्धेत लोकांच्या पसंतीचा पुरस्कार मिळाला. माढा तालुक्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले २०२०मध्ये ग्लोबल टीचर ठरले. मुंबई महापालिकेने मुंबई पब्लिक स्कूल या नावाने सीबीएसईसारख्या बोर्डांच्या शाळा काढल्या तर पालक प्रवेशासाठी धावले. लोकांना सरकारी नको असतं हे खरं नाही. त्यांना बेभरवशाचं नको असतं. गावातल्या आईबापांची भीती नेमकी असते : आज गुरुजी चांगले आहेत, बदली झाली तर? दोन शिक्षक आहेत, त्यातले एक कायम मीटिंगला. पट वीसच्या खाली गेला तर शाळा राहणार का? २०२३मध्ये सरकारने कमी पटाच्या शाळांची माहिती मागवून त्या एकत्र करून समूहशाळा काढायची भाषा सुरू केली, तेव्हा या भीतीला कागद मिळाला. पालक पोर काढून घेतो, पट आणखी घसरतो, आणि त्याची भीती खरी ठरते.

शिक्षण हक्क कायद्यातल्या, खाजगी शाळांतल्या २५ टक्के राखीव जागांचा रस्ता यातून काहींना बाहेर काढतो. सरकारने ९ फेब्रुवारी २०२४च्या अधिसूचनेने एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळांना या जागांतून सूट दिली होती. मुंबई उच्च न्यायालयाने जुलैत ती रद्द केली. पण या जागाही सोडतीनेच मिळतात, आणि मधल्या उत्पन्नाच्या घरांना त्या लागूही नाहीत.

या घरांना पूर्वी एक तिसरा रस्ता होता, आणि त्याच्याबद्दल कमी बोललं जातं. खाजगी, पण मराठी, आणि फी झेपेल अशी. पुण्याची अक्षरनंदन, कोल्हापूरला लीलाताई पाटलांनी उभी केलेली सृजन आनंद, नाशिकची आनंद निकेतन, फलटणला मॅक्सिन बर्नसन यांच्या संस्थेचं कमला निंबकर बालभवन. इथे मुलं मातीत हात घालतात, प्रकल्प करतात, मराठीत विचार करतात आणि इंग्रजी भाषा म्हणून नीट शिकतात. अशा शाळा बोटांवर मोजण्याइतक्या आहेत हे खरं. पण खाजगी की सरकारी या वादात आपण माध्यम, फी आणि शिकवणं या तीन वेगळ्या गोष्टींची एकच मोळी बांधतो, आणि महाग व इंग्रजी म्हणजेच चांगलं असं धरून चालतो. या शाळांनी ती मोळी सोडून दाखवली.

माझं मत विचाराल तर सहा वर्षांखालच्या मुलासाठी मोठी फी भरण्याची मोजकीच कारणं मला पटतात. आईवडील दोघे नऊ ते सात बाहेर असतील आणि घरात कुणी नसेल, तर सुरक्षित पाळणाघर आणि शिशुवर्ग एकत्र मिळणं ही खरी गरज आहे. तिची किंमत द्यावी, फक्त ती सांभाळण्याची किंमत आहे हे ओळखून. मुलाला बोलायला उशीर होतो आहे, ऐकण्यात काही अडचण आहे, आणि एखाद्या शाळेत ते हाताळणारं प्रशिक्षित माणूस खरोखर आहे, तर भरावी. जवळची बालवाडी म्हणजे कोंदट खोली आणि टीव्ही असेल, तर भरावी. ‘सगळे घालतात म्हणून’ हे कारण मला समजतं, पटत नाही. आणि फीसाठी आजोबांची ठेव मोडावी लागत असेल, कर्जाचा हप्ता लागत असेल, तर तो पैसा राखून ठेवावा. मुलाला तो बारावीनंतर लागतो, आणि तेव्हा कुणी थांबत नाही.

शाळा बघायला जाणाऱ्यांनी स्वागतकक्षात बसू नये. तिथलं मत्स्यालय मुलांसाठी नसतं. सकाळी दहाच्या सुमाराला छोट्या गटाच्या वर्गाच्या दारात पाच मिनिटं उभं राहू द्या म्हणावं. वर्गात कोण जास्त बोलतं, बाई की मुलं, एवढं ऐकावं. बाई गुडघे टेकून मुलाच्या उंचीला येतात का, भिंतीवरची चित्रं एकसारखी आहेत की वेगवेगळी, रडणाऱ्या मुलाला कोण उचलतं, हे पाहावं. चार वर्षांच्या मुलांच्या वह्या रेघारेघांनी भरलेल्या असतील आणि त्या अभिमानाने दाखवल्या जात असतील, तर तिथे घाई चालली आहे असं समजावं.

पुढचा प्रश्न पैशांचा, आणि तो विचारताना संकोच करू नये. महाराष्ट्राच्या फी नियमन कायद्याने पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीला फी ठरवण्यात अधिकार दिला आहे; त्या समितीवरचे पालक सोडतीने निवडले जातात. बहुतेक पालकांना आपल्या शाळेच्या समितीवर कोण आहे हेही माहीत नसतं. फीवाढीविरुद्ध तक्रार करायची तर दुरुस्तीनंतर २५ टक्के पालक एकत्र यावे लागतात, म्हणजे एकट्याने भांडून भागत नाही. तेव्हा सह्या नंतर गोळा करण्यापेक्षा हिशेब आधीच विचारलेला बरा. १,२०,००० फी आणि वर्गात तीस मुलं, म्हणजे त्या एका खोलीतून वर्षाला ३६ लाख रुपये जमा होतात. त्यातले वर्गावरच्या बाईंच्या हातात महिन्याला किती पडतात, त्या इथे किती वर्षं आहेत, आणि गेल्या तीन वर्षांत या वर्गावरच्या किती बाई सोडून गेल्या, हे प्रवेशाच्या टेबलावर विचारावं. उत्तर मिळालं नाही तर दुपारी साडेबाराला फाटकाबाहेर थांबावं. बाई रिक्षाची वाट बघत तिथेच उभ्या असतात, आणि त्या सांगतात.